पाच भिंतींचं पाठांतर

नोंदणीकृत कथनकर्ती क्रमांक चौदा. नाव : इझुमिदा फुसाए. वय : अडुसष्ट. सध्याचा पत्ता : पुनर्वसन वसाहत, इमारत तीन, खोली २०६. मूळ पत्ता : लागू नाही. आवाज : स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा. स्मरणशक्ती : उत्तम. मानसिक स्थिती : स्थिर. जनतेसमोर बोलण्याचा पूर्वानुभव : आहे, सात वर्षे. (तपशील अनावश्यक.)

अणुदुर्घटनेच्या आमच्या स्मृतिभवनात प्रत्येक कथनकर्त्याचा असा एक कागद असतो. माझाही आहे. मी क्रमांक नऊ, आणि माझ्या मानसिक स्थितीपुढे ‘बहुतांशी स्थिर’ असं लिहिलं आहे. त्यामुळे मला शाळांच्या सहली देत नाहीत. फुसाएबाईंना मात्र सगळं देत. परदेशी पाहुणे, बँकवाले, विद्यापीठवाले, आणि ज्यांच्या गावात बंद पडलेलं अणुकेंद्र पुन्हा सुरू करायचं घाटतंय असे नगरसेवक.

आता तो अनावश्यक तपशील. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत फुसाएबाई आमच्याकडचं अणुकेंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या माहितीगृहात मार्गदर्शिका होत्या. केंद्रासमोरच्या टेकडीवर काचेची इमारत होती. मलई रंगाचा गणवेश, गोल टोपी, पांढरे हातमोजे. महिला मंडळांच्या बसगाड्या भरभरून यायच्या, कारण जेवणाचा डबा फुकट असायचा आणि जाताना एक टॉवेल मिळायचा. त्या बायकांसमोर फुसाएबाई दिवसातून चार वेळा केंद्राच्या संरक्षणाच्या पाच भिंती घडाघडा म्हणायच्या. आमच्याकडे मोजताना बोटं मिटत जातात, तसा उजवा पंजा उघडा धरायचा आणि एकेका भिंतीला एकेक बोट मिटायचं. पाचवी भिंत झाली की मूठ तयार. तिच्यावर अलगद डावा हात ठेवायचा आणि मान लववायची. समोरच्या बायका नकळत आपलीही बोटं मिटत. घरी जाऊन सासूला करून दाखवत. आमच्या तालुक्यात त्या काळात लहान मुलांनाही ही मूठ यायची.

त्या केंद्रातल्या विजेवर आमच्याकडचा एक दिवाही कधी लागला नाही, हे जाता जाता सांगतो. ती सगळी राजधानीला जायची. आम्हाला दुसऱ्या कंपनीची वीज यायची, आणि तिचं बिलही.

पुढे लग्न झालं, नोकरी सुटली. पण पाठांतर सुटलं नाही, आणि गावानेही ते सुटू दिलं नाही. कुठे जरा धूर दिसला, कुठे भोंगा वाजला, की लोक फुसाएबाईंच्या दारात येत. त्या तिथे काम केलेल्या, त्यांना ठाऊक असणार, असा हिशोब. कपबशा विकणाऱ्या मुलीला कुणी भूकंपाबद्दल विचारत नाही. पण पांढऱ्या हातमोज्यांचा भरवसाच तसा होता.

मार्चच्या अकरा तारखेला भूकंप झाला, लाट येऊन गेली. संध्याकाळी उजेड असतानाच शेजारच्या मिसाओबाईंचा भाचा डोंगरापलीकडून गाडी घेऊन आला. दोन जणांची जागा होती. मिसाओबाईंची आई तात्सु अंथरुणाला खिळलेली, वय अठ्ठ्याऐंशी. मिसाओबाई धावत कुंपणापाशी आल्या.

“फुसाए, हा म्हणतोय केंद्राचं काहीतरी बिनसलंय. काय करू गं? नेऊ का आईला?”

“एवढ्या थंडीत? अगं, पाच भिंती आहेत. सात वर्षं काय मी गंमत म्हणून सांगत होते? आईला पांघरूण घाल आणि इकडे ये, चहा पिऊ.”

आणि मूठ करून दाखवली. भाचा रिकामी गाडी घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिक्षेपकावरून ‘खबरदारी म्हणून’ सगळ्यांना बाहेर काढलं. तात्सुबाई अकरा तास बसच्या सीटवर बसून होत्या. त्यांना बसता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या व्यायामशाळेत, लाकडी जमिनीवर, त्या गेल्या.

मिसाओबाई आता इमारत चारमध्ये राहतात. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान होतात त्या पितरांच्या आठवड्यात, फुसाएबाई गोड पुरणात लपेटलेले भाताचे गोळे करून डबा घेऊन जात. मिसाओबाई डबा घेत. दोन दिवसांनी तो परत येई. स्वच्छ धुतलेला, पुसलेला, आणि रिकामा.

रिकामा डबा परत करणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडेही शेजारणीचा डबा रिकामा जात नाही. घरात काही नसलं तर जुन्या बायका त्यात काडीपेटी ठेवतात, नाहीतर कोरा कागद घडी करून. मिसाओबाईंना ही रीत माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. बारा वर्षांत चोवीस डबे रिकामे आले.

म्हणून तर फुसाएबाई कथनकर्ती झाल्या होत्या. स्मृतिभवनाची जाहिरात होती, ‘तुमचा अनुभव, तुमच्या शब्दांत’. त्यांनी आपल्या शब्दांत चार पानं लिहून दिली. त्यात माहितीगृह होतं, कुंपण होतं, चहा होता, तात्सुबाईंचं नाव होतं. भवनाचे व्यवस्थापक निहेई यांनी ती लाल पेनने तपासून दीड पान करून दिली. निहेई माणूस वाईट नाही. दोन वर्षांसाठी बदलीवर आलेला छत्तिशीतला अधिकारी, तिसऱ्या वर्षी मत्स्यखात्यात जाणार. ‘कंपनीने सांगितलं’ याच्या जागी ‘त्या काळी सर्वसाधारण समज होता’ आलं. ‘आम्हाला फसवलं’ याच्या जागी ‘अपेक्षेपेक्षा वेगळी परिस्थिती उद्भवली’. तात्सुबाईंच्या जागी ‘अनेक वयोवृद्धांची गैरसोय झाली’.

“गैरसोय?” फुसाएबाईंनी विचारलं होतं.

“विशिष्ट संस्थेवर टीका करायची नाही, असा नियम आहे इझुमिदाबाई.”

“मी संस्थेवर कुठे करतेय? स्वतःवर करतेय.”

“तुम्हीही तेव्हा त्या संस्थेतच होता ना,” निहेई म्हणाला. वाद जिंकल्याबद्दल त्याला जरा बरंही वाटलं.

दीड वर्ष त्यांनी ते दीड पान म्हटलं. यंदाच्या सप्टेंबरात डबा घेऊन गेल्या तेव्हा मिसाओबाईंनी बारा वर्षांत पहिल्यांदा दारात तोंड उघडलं.

“तिकडे जाऊन म्हणे तू गोष्टी सांगतेस.”

“हो.”

“माझ्या आईची सांगतेस?”

फुसाएबाईंनी डबा त्यांच्या हातात दिला.

“म्हणजे तिथेही नाहीच. मग इथे कशाला येतेस गं पुरण घेऊन? मला काही सांगू नकोस. मला माहीत आहे सगळं. जिथे लोक लिहून घेतात तिथे सांग.”

आणि दार लावलं. डबा आतच राहिला.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावातून बस आली. त्यांचं केंद्र पुन्हा सुरू करायचं की नाही, यावर पुढल्या महिन्यात मतदान होतं. बारा-तेरा नगरसेवक आणि काही प्रतिष्ठित नागरिक. त्या दिवशी कथन फुसाएबाईंचं आणि माझं काम पाण्याच्या बाटल्या वाटण्याचं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर होतो.

बस आमच्या केंद्राच्या दिशेने निघाली तशी चर्चा सुरू झाली. कुरोसाकी नावाचे एक जाडजूड नगरसेवक होते, माइक नको म्हणाले आणि त्याची गरजही नव्हती.

“मला एक सांगा, हिवाळ्यात आमच्याकडे दीड पुरुष बर्फ पडतो. गॅस महागला. कोळसा जाळायचा नाही म्हणतात. मग काय पोरांनी एकमेकांना मिठ्या मारून बसायचं?”

“आमची शाळा केंद्र बंद झाल्यावर निम्मी झाली,” त्यांच्या मागच्या बाकावरून किनुयो तोगाशी म्हणाल्या. या बाईंची तिथे खानावळ आणि बावीस खोल्यांचं लॉज होतं. केंद्राच्या दुरुस्तीला येणारे कामगार तिथे उतरत. “मी काही केंद्राची भक्त नाही हो. पण खोल्या रिकाम्या आहेत. तत्त्वाला गाद्या घालून झोपवता येत नाही.”

“उजवीकडे आमची शाळा,” फुसाएबाई म्हणाल्या. “ती निम्मी झाली नाही. पूर्ण रिकामी झाली.”

घंटा नसलेला मनोरा आणि कमरेएवढं गवत मागे गेलं. कुरोसाकी घसा साफ करून म्हणाले, “तुमची लाट अपवादात्मक होती. आमच्याकडे आता अठरा मीटरची भिंत बांधलीय.”

“भिंत का? छान. किती भिंती आहेत तुमच्याकडे?”

निहेईने पुढच्या सीटवरून मान वळवून पाहिलं.

टेकडीवर बस थांबली. दहा मिनिटं उतरायची परवानगी असते. माहितीगृह पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. खाली समुद्र, क्रेन, आणि पाण्याच्या टाक्या, एकीला एक चिकटून. प्रत्येकाच्या गळ्यात किरणमापक होतं. लोक त्याकडे बघतात, समोर कमी बघतात. फुसाएबाई कठड्याशी उभ्या राहिल्या आणि दीड पान सुरू झालं. त्या काळी सर्वसाधारण समज होता. अपेक्षेपेक्षा वेगळी परिस्थिती उद्भवली. मी हे इतक्या वेळा ऐकलंय की मधूनमधून बाटल्या मोजतो.

“एक मिनिट,” तोगाशीबाई म्हणाल्या. “हा समज म्हणजे काय? असा आपोआप कसा होतो? कुणीतरी सांगितलं असेल ना तुम्हाला, की घाबरू नका?”

“प्रश्न शेवटी घेऊया,” निहेई म्हणाला.

फुसाएबाईंनी कागदाची घडी केली. मग हँडबॅग उघडून कागद आत ठेवला, बॅग बंद केली, आणि ती निहेईच्या हातात दिली, जशी शिपायाकडे देतात तशी. टाचा जुळवल्या. उजवा पंजा उघडून छातीसमोर धरला. आणि आवाज बदलला. अडुसष्ट वर्षांच्या बाईच्या तोंडून एकोणीस वर्षांची मुलगी बोलायला लागली. गोड, उंच, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित हसणारी.

“माननीय पाहुणे मंडळी, आपलं मनःपूर्वक स्वागत! आपल्या रक्षणासाठी इथे पाच भिंती अहोरात्र उभ्या आहेत. पहिली भिंत, इंधनाची घट्ट भाजलेली वडी. दुसरी, त्या वडीभोवतीची मजबूत धातूची नळी. तिसरी, वीतभर जाड पोलादाचं भांडं. चौथी, त्या भांड्याभोवतीचं पोलादी कवच. आणि पाचवी, काँक्रीटची भक्कम इमारत! तेव्हा आज घरी जाऊन निश्चिंत मनाने झोपा.”

मूठ झाली. डावा हात मुठीवर आला. मान लवली. त्यांच्या मागे, बरोबर त्या मुठीच्या उंचीवर, पाचव्या भिंतीचं उरलेलं लोखंड दिसत होतं.

कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि अर्ध्यात थांबला.

तोगाशीबाईंनी आपला हात पाहिला. त्यांची बोटं मिटली होती.

“हे आमच्याकडचं आहे,” त्या म्हणाल्या. “आमची सून म्हणते हे. माहितीगृहात. अजूनही. हाताची मूठसुद्धा अश्शीच.”

“सुनेला सांगा, मी आठ हजार वेळा म्हटलंय,” फुसाएबाई आपल्या खऱ्या आवाजात म्हणाल्या. “आणि वर आणखी एकदा कुंपणापाशी म्हटलं. अकरा तारखेला. साम्पेई तात्सु नावाची बाई होती, अठ्ठ्याऐंशीची. दाराशी गाडी उभी होती तिच्यासाठी. मी म्हटलं, पाच भिंती आहेत, चहा पिऊ. तिची गैरसोय नाही झाली. ती मेली. बसच्या सीटवर अकरा तास बसवून ठेवल्यामुळे मेली. माझ्याकडून हे ज्यांनी पाठ करून घेतलं, त्यांनी माझी चूक झाली तर बोनस कापला असता. पाठ चुकल्याचा. भिंत चुकल्याचा नाही.”

“इझुमिदाबाई, वेळ संपली,” निहेई म्हणाला. बॅग अजून त्याच्या हातात होती.

“माझी कधीच संपलीय. यांची संपायची आहे. कुरोसाकी साहेब, वीज लागते, मान्य. मलाही लागते. तुम्ही जरूर हात वर करा. फक्त करताना बोटं उघडी ठेवा, आणि आपण काय म्हणतोय ते कुणी शिकवलंय एवढं आठवा. आम्हाला जेवणाचा डबा देऊन शिकवलं होतं. तुम्हाला काय देतात?”

कुरोसाकींच्या गळ्यातलं किरणमापक ठरलेल्या वेळी टिकटिकलं, आणि ते दचकले.

परतीच्या वाटेवर बसमध्ये निहेई शेजारी येऊन बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “मला अहवाल लिहावा लागेल.”

“लिही रे बाबा. तेवढ्यासाठीच बोलले. नाव नीट लिही. साम्पेई तात्सु.”

त्याने लिहिलं. नियमाप्रमाणे सगळं केलं. मृत व्यक्तीचं नाव कुटुंबीयांच्या संमतीविना उच्चारलं गेलं, म्हणून भवनाने कुटुंबीयांची लेखी माफी मागायला हवी होती. इमारत चारमध्ये नोंदणीकृत टपालाने माफीपत्र गेलं. सोबत, संदर्भासाठी, टेकडीवरच्या बोलण्याची शब्दशः प्रत जोडली होती. तीन पानं, शिक्क्यासह.

पश्चिम किनाऱ्यावरच्या गावात मतदान झालं. नऊ विरुद्ध चार, केंद्र सुरू करण्याच्या बाजूने. चारांत कुरोसाकी नव्हते. तोगाशीबाईंना मतच नव्हतं. त्यांच्या लॉजच्या बावीस खोल्या वसंतापर्यंत भरल्या आहेत, असं त्यांनी फुसाएबाईंना पाठवलेल्या पत्रात प्रामाणिकपणे लिहिलं होतं. सुनेने माहितीगृहाची नोकरी सोडली, हेही त्यात होतं. पत्रासोबत त्यांनी तिथलं माहितीपत्रक पाठवलं होतं. मी ते निहेईच्या शब्दशः प्रतीशी ताडून पाहिलं. पाचही भिंती जुळल्या, स्वागतापासून झोपेपर्यंत.

ऑक्टोबरच्या मध्यावर फुसाएबाईंना भवनाचं पत्र आलं. कथनकर्ती क्रमांक चौदा यांचं वाढतं वय आणि स्मरणशक्तीतील लक्षणीय घट लक्षात घेता त्यांची नोंदणी रद्द करण्यात येत आहे. मंजूर मजकूर त्यांना आठवेनासा झाल्याचं दिसून आलं आहे. त्यांच्या सेवेबद्दल आभार. ओळखपत्र आणि गळ्यातली दोरी परत करावी. सदर प्रकरणी संबंधित कुटुंबीयांकडून कोणताही प्रतिसाद प्राप्त झालेला नाही.

त्याच दुपारी इमारत चारमधून डबा परत आला. आत काडीपेटी होती.