हळदीखालचं चलान

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मगन पाटील एकतीस वर्षं रंगखात्यात होता. मिलची नोकरी सुटल्यावर उधन्यात प्रज्ञा साळवेच्या हिशेबाच्या ऑफिसात लागला. प्रज्ञाचे वडील भाऊराव त्याच्याच पाळीतले. गिऱ्हाइकांच्या घरून कागदांची गाठोडी सायकलवर आणायची आणि काम झालं की परत पोचवायची, एवढंच काम. पण गाठोडं घेताना तो कागद मोजायचा आणि देताना पुन्हा मोजायचा. बारा वर्षांत एक चिटोरं हरवलं नाही.

मग प्रत्येक गिऱ्हाइकाचं फोल्डर मोबाइलवर आलं. कागदाचा फोटो काढून त्यात टाकला की ऑफिसात दिसायचा. गाठोडी बंद झाली. मगननं सायकलची किल्ली प्रज्ञाच्या टेबलावर ठेवली.

"ही कशाला, काका?"

"गाठोडी नाहीत, तर माझं काय काम?"

"लोकांचे फोटो बघितलेत? अर्धं बिल आणि अर्धी मांडी! तुम्ही घरी जाऊन नीट काढून आणा." तिनं किल्ली परत सरकवली.

ते किल्ली सरकवणं मगन विसरला नाही. फोन शिकायला त्याला तीन आठवडे लागले. खिशात लोखंडी पट्टी ठेवायचा. कागद पट्टीनं सपाट करायचा, मगच फोटो. चारही कोपरे दिसले नाहीत तर पुसून पुन्हा.

माघात उज्ज्वला महाजनला नोटीस आली. उधन्यातच तिच्या घराच्या माळ्यावर साडीला लेस लावायच्या सहा मशिनी होत्या, वर सहा बायका कामाला. व्यापाऱ्याकडून आलेली कापडाची बारा ठाणं परत गेल्याचा पुरावा, म्हणजे माल मिळाल्याची सही असलेलं चलान, नव्हतं. शुक्रवारपर्यंत तो दिला नाही, तर तिचा जीएसटी नंबर रद्द होणार होता. आणि नंबर नसला की मार्केटात कोणी कापडाला हात लावू देत नाही.

प्रज्ञानं फोल्डर दोनदा तपासलं. "दिवाळीनंतरचं चलानबुक दोन नंबरपासून सुरू होतंय. एक नंबर कुठंय? व्यापाऱ्याकडची प्रत सापडत नाही. आपल्याकडची सहीची पाहिजे."

बुधवारी सकाळी मगन उज्ज्वलाच्या दारात उभा राहिला.

"दादा, आते काय करू मी?" ती रडकुंडीला आली होती. "सगळं टाकं मी फोल्डरमा. एक बी कागद ठेवा नही."

"रडानं मंग. पहिले मोजू."

त्यानं सगळे कागद खाली मांडले. दोनपासून एकशे सातपर्यंत. एक नाहीच. तो उठला, माळ्यावर गेला, मशिनी बघून आला. पहिल्या मशीनवर अजून दिवाळीचं स्वस्तिक होतं. त्याला मिल आठवली. तिथं लाभपाचमेला, दिवाळीनंतर काम पुन्हा सुरू होई त्या दिवशी, मुहूर्ताचं पहिलं ठाण कधी ट्रकमध्ये चढत नसे. हळदकुंकू लावून मशीनपुढं ठेवत.

"बहीण, लाभपाचमले पहिलं चलान कोठे ठेवं तू?"

उज्ज्वलानं कपाळावर हात मारला. "ओ माय! ते तर कानबाईपुढे शे!"

"फोल्डरमा का नही टाकं?"

"देवीनं व्हयनं ना ते! देवीनी वस्तू ऑफिसमा कशी धाडू?"

"बरं झालं, साडी नही चढाई. नहीते ती बी हिशोबमा सापडती नही."

ती रडता रडता हसली. देव्हाऱ्यात कानबाईच्या नारळाखाली घडी केलेलं चलान होतं. ओल्या हळदीनं अर्धा कागद पिवळा, वर कुंकू. व्यापाऱ्याची सही आणि ठाणांचा आकडा नेमका त्याच्याखाली. उज्ज्वलानं ओलं फडकं आणलं.

"हात नको लावू!" मगन ओरडला. "पाणी लागलं का हळद पसरते."

कुंकू त्यानं कोरड्या ब्रशनं झटकलं. हळदीचं त्याला माहीत होतं. कापडावरचे कित्येक रंग उन्हाला दाद देत नाहीत, हळद मात्र तासागणिक उतरते. त्यानं चलान ओट्यावर उन्हात ठेवलं, वर काच, काचेवर चार खडे. तिथंच बसला. ऊन सरकलं तसा कागद सरकवला. उज्ज्वलानं दोनदा चहा आणला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चहानं ऊन नही वाढत, बहीण."

दुपारी तीनला कागद फिकट झाला. कार्बनची निळी अक्षरं तशीच होती. बारा ठाणं, तारीख, सही. त्यानं पट्टी दाबली. पहिला फोटो सावलीनं बिघडला. पाचवा फोल्डरात गेला.

लगेच प्रज्ञाचा फोन. "काका, सही दिसली! आजच उत्तर पाठवते."

"चार कोपरे मोजले का मॅडम?"

"मोजले. आणि मॅडम गिऱ्हाइकापुढं म्हणा, मला नको."

वीस दिवसांनी नंबर कायम राहिल्याचं पत्र आलं. उज्ज्वला सहाही बायकांना घेऊन ऑफिसात आली. मगनसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. ती पाया पडायला वाकली तेव्हा तो मागं सरला. "मी काय करं? उन्हात बसनू. किल्ली हिनी परत दिधी म्हनीसन बसनू." त्यानं प्रज्ञाकडं बोट दाखवलं. प्रज्ञानं मान खाली घालून भाकरी मोडली.

चलान मगननं आपल्या हातानं पुन्हा नारळाखाली ठेवलं होतं. देवीचं ते देवीला.

पुढच्या लाभपाचमेला सकाळीच त्याचा फोन वाजला. फोल्डरात एक नंबरचं चलान होतं, स्वच्छ, कुंकवाचा ठिपका नसलेलं. मागोमाग उज्ज्वलाचाच फोन आला. "दादा, हळद थांबेल शे. तू हो म्हन, मंग लावसू."

मगननं चष्मा लावला. एक, दोन, तीन, चार.

"लाव," तो म्हणाला.