शेजारच्या सीटवरचं पीठ

आमच्या ह्यांनी निवृत्तीनंतर एक जुनी मसल कार आणली. लांब नाक, दोन दारं आणि वळणावर बोटीसारखी कलंडणारी. इथे मिशिगनच्या नोव्हायमध्ये निम्मे शेजारी गाड्यांच्या कंपन्यांत, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. पैशांना होता. घराचं छप्पर नुकतंच बदललेलं, म्हणून सस्पेन्शनवर किती उडवायचे ते मीच ठरवून दिलं होतं.

सल्ला देणाऱ्यांत सगळ्यांत पुढे समोरच्या घरातली नागपूरची इंजिनियर. आमच्या मुलीच्या वयाची. ह्यांना काका म्हणायची, मला काकू. नवऱ्याला काका म्हणणारीचा मत्सर करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. ती मी. तेव्हा साठीच तर होती, अक्कल यायची होती.

"काका, स्प्रिंग-शॉकचे ते महागडे कॉइलओव्हर सेट कॅन्सल करा," ती गाडीखालून सांगायची. "आधी बुशिंग बदला, रबराचा पार भुगा झालाय. मग चांगले शॉक, आणि पुढे जाडसा स्वे बार. कलंडणं तिथंच थांबेल."

"बघ, खाली शिरायच्या आधीच नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं तिनं!" हे मला म्हणाले.

माझा मिक्सर वर्षभर कण्हत होता. तो आवाज ह्यांच्या कानी पडला नव्हता.

मग मीही चोरून व्हिडिओ बघायला लागले. जेवताना विचारलं, "अहो, आहेत त्याच स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली तर? फुकटात होईल."

ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, इथले खड्डे बघितलेस ना? थांब, तिला विचारतो."

तिला विचारतो! दुसऱ्या दिवशी तिच्याकडे भाजी पाठवली, त्यात मीठच घातलं नाही.

पार्ट बसले. पैसे वाचवायला चाकांची अलाइनमेंटही घरच्या गॅरेजमध्येच, दोऱ्या ताणून करायची ठरली. चहा घेऊन गेले तर हे ड्रायव्हरच्या सीटवर, आणि शेजारी माझ्या कणकेच्या पिशव्या, पट्टा लावून बसवलेल्या.

"गाडीत नेहमी बसणाऱ्यांचं वजन ठेवूनच चाकं जुळवतात, काकू," ती दोरीपाशी ओणवी होऊन म्हणाली.

वीस पौंडी सहा पिशव्या. म्हणजे एकशेवीस. मी तिच्याकडे नीट पाहिलं. सडपातळ. एकशेवीसच!

ट्रे मी बॉनेटवर आपटला. "हे वजन कुणाचं?"

"तुझंच की," हे निरागसपणे म्हणाले. "तूच तर सगळ्यांना सांगतेस."

सांगायचे खरी. थोरला नातू झाला त्याच्या आधीपासून तोच आकडा.

ती मान खाली घालून दोरी तपासत होती, खांदे मात्र हलत होते. "काकू, त्यापेक्षा तुम्हीच बसा ना. करेक्ट येईल."

बसले तर गाडी जास्त दबणार आणि दोरीच चुगली करणार. नाही बसले तर त्या सीटवर कायमची कुणी एकशेवीस पौंडांची बाई धरून चालणार. माझ्याच नावाची, पण मी नव्हे. मला तिचाही मत्सर वाटला.

कोठीतून आणखी दोन पिशव्या आणल्या आणि सहांवर रचल्या.

"आता जुळवा," म्हटलं, "आणि ती सीट माझी आहे."

संध्याकाळी समोर पुन्हा भाजी पाठवली. मीठ घालून.