एका दमाची रेघ

मी चौथी नापास. पण लोणारात आणि आजूबाजूच्या खेड्यांत लोकांनी जी अक्षरं वाचली त्यातली बरीचशी माझ्या हातची, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, आणि मुख्य म्हणजे लग्नातल्या बँडचे मोठे ढोल. ढोलावर नाव लिहायचं तर मधलं अक्षर आधी काढायचं, मग दोन्ही बाजूंना पसरायचं. नाहीतर शेवटच्या अक्षराला जागा उरत नाही. सगळी अक्षरं झाली की त्यांच्यावरची रेघ. ती मी पट्टी न लावता, हात कशावर न टेकवता, श्वास धरून एका दमात ओढायचो. पेंटर ओळखायचा तो त्या रेघेवरून. हाताखाली काठी टेकवून लिहिणाऱ्याला मी कधी पेंटर मानलं नाही, आणि तसं त्याला सांगितलंही.

फ्लेक्स आले आणि माझ्या पाट्या एकेक करून भंगारात गेल्या. काही फ्लेक्सच्या मागं आधाराला ठोकलेल्या आहेत, अक्षरं आतल्या बाजूला. त्यात आता माझा उजवा हात थरथरतो. हे फक्त बायकोला माहीत. हॉटेलात मी चहा पुढ्यात निवू देतो आणि कोणी पाहत नसलं की दोन्ही हातांनी उचलतो.

अशात पुण्याचा एक दाढीवाला सरोवर पाहायला आला. बस स्टँडजवळच्या बँडवाल्याकडं त्यानं माझा जुना ढोल पाहिला आणि विचारत विचारत घरी आला. तो ट्रोंबोन वाजवतो, लांब सरकणारा भोंगा. त्यांच्या वाजवण्याला स्का म्हणतात, जमैका नावाच्या बेटावरचं आहे, असं त्यानं समजावलं आणि मोबाइलवर ऐकवलं. बायको आतून म्हणाली की लग्नातलाच बँड आहे, फक्त ठोका भलत्या जागी पडून राह्यला. दाढीवाला खूष झाला. म्हणाला, स्का म्हणजे तेच.

त्यांना गाण्यांचा तवा काढायचा होता, आमच्या तरुणपणी असायचा तसला काळा मोठा तवा. त्याचं कव्हर माझ्या हातचं पाहिजे होतं. काळे-पांढरे चौकोन, टोपीवाला नाचणारा माणूस आणि वर बँडचं पाच अक्षरी नाव. मी रीतीप्रमाणं विचारलं, मालकाचं नाव काय टाकायचं? तो म्हणाला मालक कोणी नाही, आम्ही नऊ जण आहोत.

"नऊ जणांत मालक नाही? मंग भांडण झाल्यावर ढोल कोणाच्या घरी जाते?"

तो हसला. म्हणाला, "बाबा, मागं तुमचंच नाव टाकू."

तिथं मी सापडलो. भिंतीवरचं सगळं गेलं होतं. हे छापून लोकांच्या घरात राहणार होतं. हाताचं काही न सांगता मी हो म्हणालो.

पत्रा घेतला, ऑइल पेंट घेतला, दार लावून घेतलं. बायको बाहेर गहू निवडत बसायची, कोणी आलं तर मी झोपलो आहे म्हणायची. चौकोन चिकटपट्टी लावून केले. टोपीवाला जमला. अक्षरं काठी टेकवून काढली. हो, काठी टेकवून. राहिली वरची रेघ.

पहाटे हात जरा शांत असतो म्हणून चहाच्या आधी बसायचो. ओढायची, रॉकेलच्या फडक्यानं पुसायची, पुन्हा ओढायची. किती दिवस गेले मोजले नाहीत. बायको म्हणाली, "पट्टी लावा ना. कोण पाह्यते?"

"मी पाह्यतो," म्हणालो.

शेवटी रेघ आली ती सापाच्या चालीसारखी. पुसून पुसून खालची अक्षरंही मळायला लागली होती. तशीच राहू दिली आणि पत्रा पोत्यात बांधून पाठवला. वाटलं, तो परत पाठवेल, मग सांगू. त्याचा फोन आला, भारी झालंय म्हणाला. बाकी काही बोलला नाही.

काही महिन्यांनी पार्सल आलं. टोपीवाला माझा होता, चौकोन माझे होते. वरची रेघ मात्र सरळ होती. तिशीत ओढायचो तशी. मी अंगठा फिरवला, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग फोन लावला.

"हो बाबा, छापायच्या आधी ती थोडी सरळ करून घेतली. पाच मिनिटांचं काम होतं. बाकी सगळं तुमचंच आहे."

मी म्हणालो, बरं केलं.

बायकोनं कव्हर शोकेसमध्ये लावलं. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले. हॉटेलात एक जण दुसऱ्याला सांगत होता, "म्हाताऱ्याचा हात अजून तसाच हाये बे." मी ऐकलं आणि चहाचे पैसे ठेवून निघालो. दुसऱ्याच्या कामाची शाबासकी मी जन्मात घेतली नव्हती.

माझ्या हाताचं ते बोलणं ऐकून मेहकरकडचा एक बँडवाला ऑटोत मोठा ढोल घालून आला. नवीन चामडं, नवीन पांढरा रंग. ढोल त्यानं ओसरीवर ठेवला.

"काका, स्टिकर दोन लग्नांत निघून जाते. मले तुमच्याच हातचं पाह्यजे."

फ्लेक्स आल्यापासून मी याच माणसाची वाट पाहत होतो. ढोलावर हात ठेवायचीही हिंमत झाली नाही. हात धोतरात खुपसून मी म्हणालो, "ढोलाचं काम मी आता घेत नाही."

"काऊन?"

"पुण्याचीच कामं हायेत."

त्यानं शोकेसकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मोठे झाले काका तुमी," म्हणाला आणि ढोल उचलून ऑटोत ठेवला.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "खरं सांगतलं असतं तर तो काय हसला असता?"

हसला नसता. हळहळला असता, आणि मेहकरापर्यंत सांगत गेला असता. आता तो सांगत फिरतो की म्हाताऱ्याला माज आला. तसं तर तसं. लग्नसराई सुरू झाली आहे, रोज रस्त्यावरून बँड जातात, पण ढोल घेऊन कोणी येत नाही.