मोडलेली हाडं जोडणारे हात

सत्कार या शब्दाचा मला वीट आहे. शाल-नारळ बघितला की अजून तोंड कडू होतं. मी चौथी शिकलोय, तीही रडतखडत, तेव्हा लिहिण्यात चूक निघेल. सांगण्यात निघणार नाही.

आमचा म्हशींचा धंदा. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर नेऊन बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. धाकटा भाऊ मात्र पुस्तकाचा. तो मुंबईला जाऊन एका प्रयोगशाळेत चिकटला. माणसाचं अंग बारीक बारीक पेशींचं झालेलं असतं, त्यातली एखादी मधेच बेताल वाढायला लागते आणि कॅन्सर होतो. ती तशी का वाढते, हे शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. नावामागं डॉक्टर लागलं, पण त्यानं कधी कुणाची नाडी धरली नाही.

वडील वारले तेव्हा तार करूनही तो वेळेवर आला नाही. सावडणं झाल्यावर आला. म्हणाला, बाटलीत पेशी जगवायला घातल्यात, आत्ता कुठं धरल्यात, सोडून आलो असतो तर मेल्या असत्या. मी दात आवळून गप्प बसलो. गल्ली कशाला बसतीय? आई नळावर गेली की बायका तिला ऐकवायच्या, "लेकाला बापापरास बाटली मोठी." हे पुढं कितीतरी वर्षं चाललं. आई घागर भरायची आणि मान खाली घालून परत यायची.

म्हणून आमच्या तालमीच्या मंडळानं भावाचा सत्कार ठरवला, तेव्हा आई मला म्हणाली, "गल्लीम्होरं कुणीतरी सांगू दे, त्येनं काय केलं त्ये. मग मी डोळं मिटायला मोकळी."

मी त्याच दिवशी मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो. तो पान जमवत बसला होता.

"मानपत्रात त्याचं काम नीट लिवा," मी म्हणालो. "त्यो पेशी वाढवून बघतोय, बाटलीत."

"डॉक्टरच हाय न्हवं?"

"दवाखान्यातला न्हाय."

"अण्णा, डॉक्टर म्हंजे डॉक्टर. लोकास्नी पेशीतलं काय कळतंय? तुमी म्हशीचं बघा, मानपत्राचं आमी बघतो."

त्यांनी काय बघितलं ते ऐका. पाहुणा म्हणून एक चेअरमन बोलावला होता. तो उशिरा आला. पहिला हार त्याला, पहिला फेटा त्याला. उरलेला फेटा भावाच्या डोक्यावर बांधला, तो सैल होऊन कानावर उतरला. चेअरमन आपल्या कारखान्यावर बोलला, उसाच्या दरावर बोलला, आणि शेवटी "या आपल्या डॉक्टरसाहेबांसारखी माणसं" एवढं म्हणून खाली बसला. आई नवं इरकल नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिचं लक्ष माइकवरनं हलत नव्हतं.

मग अध्यक्षानं मानपत्र वाचलं. "मोडलेली हाडं जोडणारे हात, लंगड्याला चालवणारे धन्वंतरी." मला पहिल्याच ओळीला कळलं. मागच्या वर्षी गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरला दिलेलं तेच मानपत्र. नाव तेवढं बदललं होतं. टाळ्या वाजवणारेही तेच, आणि त्यातल्या एकालाही काही वाटलं नाही.

भाऊ बोलायला उठला. "मी हाडांचा डॉक्टर नाही," एवढं त्याच्या तोंडातून निघालं. तेवढ्यात चेअरमननं घड्याळाकडं बघितलं. त्याला जयसिंगपूरला लग्न गाठायचं होतं. अध्यक्षानं हात वर केला आणि बँड सुरू झाला. भाऊ फेटा सावरत खाली बसला.

त्यावर आणखी, माणसं भावासमोर रांग लावून उभी राहिली. "डॉक्टर, ह्यो गुडघा जरा बघा की." एकानं तर खुर्चीवर पाय ठेवून धोतर वर केलं.

आईनं मला विचारलं, "झालं?"

"झालं."

"मग ह्यात बाटली कुठं आली?"

मला किळस आली ती सगळ्यांची, टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या स्वतःच्या भाऊबंदांचीसुद्धा. सत्कारात भावाला घातलेली शाल मी घरी आल्या आल्या रेडकाच्या अंगावर टाकली. भाऊ बघत होता.

सकाळी आई दूध तापवत होती. भाऊ तिच्याजवळ पाटावर बसला आणि आपण होऊन सांगायला लागला. "आई, एका बाईच्या गाठीतल्या पेशी हुत्या त्या. बाई गेली. पण पेशी जगल्या तर माणसाला द्यायच्या आधी औषध त्यांच्यावर घालून बघता येणार हुतं. त्यांचं खाणंपाणी दिसाआड बदलाय लागतंय. तू विरजण राखतीस न्हवं, तसंच."

आई दूध ढवळत राहिली. मग म्हणाली, "मी गावाला जाताना विरजण शेजारणीकडं ठेवती. तुला शेजारीण न्हवती?"

"हुती. पण तिच्या हातावर माझा इस्वास न्हवता."

दूध वर आलं, तिनं उतरवलं.

"जगलं का मग त्ये?"

"जगलं. अजून जगतंय. लांबलांबची माणसं मागून नेत्यात."

संध्याकाळी आई माझ्याबरोबर कट्ट्यावर आली. कधी येत नसे. अध्यक्ष रोजच्यासारखा दूध प्यायला आला. भोवती गल्लीतली पाच-सहा माणसं होती. आई त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझा ल्योक हाडं जोडत न्हाय. त्येनं कॅन्सरचं विरजण राखलंय. त्येच्यावर औषधं पारखून बघत्यात. बाप मेला तवा त्यो तिथंच हुता."

अध्यक्षानं पेला पुढं केला. "असू दे की आजी. हाडं काय न् विरजण काय, नाव गल्लीचंच झालं."

मी धार काढायला बसलो होतो, तो उठलो. म्हशीची कास तटतटून भरली होती, सगळ्यांना दिसत होती.

"पावणं," मी म्हणालो, "म्हैस आटली."

पुढं त्या म्हशीनं कितीतरी वर्षं दूध दिलं. त्याच्यासाठी ती आटली ती आटलीच.