मावशीच्या गुडघ्यांची तपासणी

माझी मावशी पडद्यांच्या कापडाच्या दुकानात विक्रेती आहे. गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही, हा तिथला नियम. दोन्ही गुडघ्यांतली कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागलं, तरी ही आपली काउंटरला रेलून हसत उभी. अगदीच असह्य झालं तेव्हा तिने मालकांकडे एक स्टूल मागितलं.

"सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला आण, मग बस की खुशाल," मालक म्हणाले. "नाहीतर उद्या सगळ्याच पाय पसरतील."

तपासणीच्या सकाळी मी तिला बजावलं, "आज दुखण्याची गोळी घेऊ नकोस. जशी आहेस तशी दिसू दे."

"घेतली पण. मोठ्या डॉक्टरांपुढे लंगडत जाऊ? बरं दिसतं का ते?"

डॉक्टरांनी गुडघे वाकवून पाहिले, एक्स-रे उजेडात धरला. झीज बरीच आहे, हे त्यांनीही मान्य केलं. "पण हालचाल किती होते, तेही बघावं लागतं. खुर्चीतून उठा, भिंतीपर्यंत जाऊन या."

मावशी उठली ती थेट दुकानातली मावशी होऊन. पाठ ताठ, चेहऱ्यावर हसू. गेली काय, आली काय, जणू डॉक्टरांना मखमल दाखवायची होती.

"जिना चढता येतो?"

"येतो की."

"कठड्याला लोंबकळून चढते, डॉक्टर," मी मध्ये पडले. "एकेका पायरीवर थांबत."

"त्यांना बोलू द्या."

"हिला उगाच काळजी," मावशी म्हणाली. "होतं सगळं हळूहळू."

दाखला मिळण्याइतकं अपंगत्व काही भरलं नाही. बाहेर बाकावर टेकताना मावशी कण्हली, तशी माझं डोकंच फिरलं. "हे आत कुठे गेलं होतं?"

"इतकी वर्षं लपवलं म्हणून नोकरी टिकली ना गं. एका दिवसात कसं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर दुकानात गेले. निकाल ऐकून मालकांची कळी खुलली. "मी म्हणत नव्हतो? ठणठणीत आहेस. आता माळ्यावरचे तागे तूच काढत जा. नव्या पोरीला तिथे काही सापडत नाही."

तेवढ्यात एक बाई निळं कापड विचारत आल्या. ते माळ्यावरच होतं. मावशीने आधी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बसा ना ताई," ती म्हणाली, "उभ्या कशाला राहता?" आणि जिन्याकडे वळली.