उपाशीपोटी रक्त देता येत नाही

"बच्चेदानी में गाँठ है, फायब्रॉइड. निकालनी पड़ेगी. लेकिन इनका हीमोग्लोबिन छह है, ऐसे में मैं टेबल पर नहीं ले सकती."

डॉक्टरीणबाई हे इतक्या शांतपणे बोलल्या की मला वाटलं, सहा म्हणजे ठीकच असेल. शेजारी बसलेल्या वन्संनी मात्र रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. त्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांना कळलं होतं.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, उज्जैनला नानाखेडा भागात आमच्याच घरी राहतात. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात वाढणारी साधी गाठ, कॅन्सर नव्हे. पण तिच्यामुळे पाळीत रक्त फार जातं. वन्संचं कित्येक महिने जात होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "या वयात होतंच" म्हणायचं आणि शाळेत जायचं. जिना चढताना धाप लागायची, तो दोष त्यांनी जिन्याला दिला. मी रोज समोर असून मलाही काही दिसलं नाही. दिसलं असतं तर त्यांनी माझं ऐकलं असतं असंही नाही म्हणा. पण हे वाचणाऱ्या बायकांना हात जोडून सांगते, असं अंगावर काढू नका.

रक्त थांबत नव्हतं, त्यामुळे ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नव्हता. दोन बाटल्या आधी चढवायच्या, तिसरी ऑपरेशनसाठी हाताशी ठेवायची. "तीसरी हाथ में आए बिना मैं शुरू नहीं करूँगी," असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. वन्संचा गट ओ निगेटिव्ह. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं आणि ते सहजी मिळत नाही. ब्लड बँकेत दोन बाटल्या होत्या, त्या लावल्या. तिसरी नव्हती. ह्यांचं रक्त तपासलं तर ओ पॉझिटिव्ह. सख्खा भाऊ, पण उपयोग शून्य.

घरात ओ निगेटिव्ह एकच होतं, मी. मुलीच्या वेळी बाळंतपणानंतर त्यासाठी खास इंजेक्शन घ्यावं लागलं होतं, म्हणून मला पक्कं माहीत होतं. तरी मी लगेच बोलले नाही. मला भीती वाटली. आमच्या माहेरी मानत, बाईच्या अंगातलं रक्त एकदा गेलं की गेलं, भरून येत नाही. शिवाय वन्संचं नि माझं सख्य विळ्याभोपळ्याचं. लग्न होऊन आले तेव्हापासून भाजीत मीठ किती, यावरून आमचं रोज वाजतं. यांच्यासाठी रक्त देण्याइतकी माया आहे का आपल्याला, असं मी मनाशी विचारलं.

रविवारी वॉर्डात त्यांची वेणी घालायला बसले. बोटांना कान लागले, गार आणि पांढरेफटक. नेहमी माझ्या वेणीला नावं ठेवणारी बाई मान खाली घालून मुकाट बसली होती. ते मला सहन झालं नाही. बाहेर येऊन ह्यांना म्हटलं, "उद्या सकाळी मी देते."

आता माझा शहाणपणा ऐका. उज्जैनला आमच्या मराठी घरांत श्रावण दीड महिन्याचा असतो. इथल्या लोकांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आम्ही दोन्ही धरतो, महाकाल कोणतं पंचांग बघतो कोण जाणे. सोमवारी संध्याकाळी त्याची सवारी निघते. पालखीचं दर्शन घेऊन मग मी उपास सोडते. त्या सोमवारचा उपास मी वन्संच्या नावाने धरला, तोही निर्जळी. वर विचार असा केला की शुगरच्या तपासणीला रिकामं पोट लागतं, तर रक्त द्यायलाही लागतच असणार. म्हटलं, बरा जुळून आला सोमवार.

ब्लड बँकेत वजन झालं, बीपी झालं. बोटाला टोचून हीमोग्लोबिन बघितलं. ते साडेबाराच्या वर लागतं, माझं जेमतेम वर निघालं. मग तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "सुबह क्या खाया, आंटी?"

"कुछ नहीं. पानी भी नहीं पिया." मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

त्याने पेन खाली ठेवलं. "फिर तो नहीं ले सकते. खाली पेट खून देंगी तो चक्कर खाके गिरेंगी. ठीक से खाना खाइए, पानी पीजिए, थोड़ा रुककर आइए."

"शाम को आ जाऊँ? सवारी के बाद?"

"शाम को लेंगे तो कल सुबह तक जाँच नहीं हो पाएगी." मग त्याने समजावून सांगितलं. घेतलेलं रक्त तसंच चढवत नाहीत. कावीळ, एचआयव्ही, मलेरिया अशा तपासण्या होतात, मग क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी आपलं रक्त जुळतं का ते आधी बाहेर बघणं. त्याला वेळ जातो आणि ऑपरेशन तर उद्या सकाळीच होतं.

मी बाहेर बाकावर येऊन बसले. खाल्लं तर उपास मोडतो. नाही खाल्लं तर ऑपरेशन राहतं. आणि समजा खाल्लं, आणि टेबलावर काही बरंवाईट झालं, तर तो घास मला जन्मभर छळणार. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तू बघ." शेवटी वर वॉर्डात गेले.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. अंगात त्राण नव्हतं, पण आवाज वर्गातलाच निघाला. "उपास कुणासाठी धरलास, सुनंदा?"

"तुमच्यासाठी."

"मग तो माझा झाला ना? मी सोडते. बस, जेव."

त्यांच्यासाठी मीच पहाटे करून आणलेला डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी पोळी-भाजी खाल्ली. पहिल्याच घासाला रडू आलं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"इतकी वर्षं मी दुसरं काय सांगते आहे?" वन्सं म्हणाल्या.

दुपारी रक्त दिलं. तुम्हाला द्यायचं असेल तर घाबरू नका. आडवं करतात, दंडाला पट्टा बांधतात, हातात दाबायला चेंडू देतात. सुई जाताना दुखतं, नंतर काही नाही. दहाएक मिनिटांत संपतं. मग थोडं पडून राहायचं, बिस्किटं खायची, सरबत प्यायचं, त्या हाताने त्या दिवशी जड उचलायचं नाही. रक्तातलं गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, रक्ताच्या पेशी काही आठवड्यांत. बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. माझ्या माहेरचं म्हणणं साफ खोटं होतं.

सवारी मात्र चुकली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर तेच मनाला खात होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "ठीक हैं. ब्लीडिंग ज़्यादा हुई, तीसरी बोतल लगानी पड़ी. अच्छा हुआ कि हाथ में थी." मी महाकालाला तिथूनच नमस्कार केला.

माझं नाव सगळ्यांना कळलं, घरात कौतुक झालं. पण पहिल्या दोन बाटल्या कुणाच्या, ते आम्हाला कधीच कळणार नाही. कुणीतरी दोघं घरून नीट खाऊन आले असतील, हात पुढे केला असेल आणि आपापल्या कामाला गेले असतील. देवापुढे दिवा लावताना मी आता त्या दोघांसाठीही हात जोडते.

यंदा सावनातच ब्लड बँकेतून फोन आला, एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं. वार नेमका सोमवार. वन्सं माझ्याबरोबर आल्या. त्यांनाही द्यायचं होतं, पण त्यांचं हीमोग्लोबिन अजून कमी पडतं. माझी पर्स मांडीवर घेऊन त्या शेजारी बसल्या.

"सुबह कुछ खाया?" डॉक्टरने मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, "खाया है. दो प्लेट पोहे, मेरे सामने बैठकर. नमक भी बराबर था."