कुमुदमावशीचं शाही पेन

फोन लखनौच्याच महानगर नावाच्या भागातून आला, मावशीच्या शेजारच्या सक्सेनाभाभींचा. "बिटिया, मौसी चली गयीं," एवढं बोलून त्या बराच वेळ नुसत्या रडत राहिल्या आणि मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, "मेज़ पे बैठे-बैठे ही... चाय वैसी की वैसी रखी थी, पर पेन का ढक्कन लगा हुआ था." इंदिरानगरातल्या आमच्या घरात रिसीव्हर कानाशी धरून मी उभी होते आणि खरं सांगते, मला हसू आलं. रडू तर येतच होतं, पण आधी हसू आलं. टोपण न लावता कुमुदमावशी या जगातून जाणं शक्यच नव्हतं. उघडं पडलेलं पेन दिसलं की वाहता नळ दिसल्यासारखी ती उठायची. कुणाकडे जेवायला गेली तरी यजमानांच्या एखाद्या पेनाला टोपण लावूनच परतायची.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, मिरजेची. वनस्पतिशास्त्र शिकली, लखनौच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागली आणि इथलीच झाली. लग्नबिग्न केलं नाही. सत्तरच्या दशकात मी एम.ए. करायला तिच्याकडे राहायला आले, तेव्हा ती रोज सायकलवरून कामावर जायची. वाळवलेल्या, दाबून कागदावर चिकटवलेल्या झाडपाल्याच्या नमुन्यांना चिठ्ठ्या लिहिणं हे तिचं काम. झाडाचं नाव, ते कुठे सापडलं, फूल ताजं असताना कुठल्या रंगाचं होतं... दिवसभर हाताने लिहायचं आणि घरी आल्यावर मिरजेला पोस्टकार्डं खरडायची. त्यातच उजव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. आधी संध्याकाळी दुखे, मग सकाळपासूनच. डॉक्टर म्हणाले, लिहिणं बंद करा. साहेब म्हणाले, टाइपिस्ट देतो. मावशीने दोघांचंही ऐकून घेतलं आणि ती घरी आली. "टाइप केलेल्या चिठ्ठीवरून झाड कुणी पाहिलं ते कळत नाही गं," ती म्हणाली. "आणि मग मी तिथे करायचं काय?" तिला घाबरलेली मी तेवढ्या एकदाच पाहिली. आपला हात थांबला की आपणही संपलो, असं तिने मनाशी धरलं होतं. पण घाबरून घरात बसणाऱ्यांतली ती नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घेऊन ती अमीनाबादच्या बाजारात पेन घ्यायला निघाली.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडून, कापडाच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत आम्ही एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदार तेव्हा चाळिशीतलेच, तरी सगळे त्यांना बड़े मियाँ म्हणत. मावशीची हिंदी तशी झकास चालायची, पण 'शाई' मात्र तिच्या तोंडून कायम मिरजेचीच निघायची. "शाई का पेन दिखाइए," ती म्हणाली, "रोज़ लिखने के लिए." बड़े मियाँनी तिच्या साध्या सुती साडीकडे आणि कापडी पिशवीकडे एकदा पाहिलं. पण लखनौचा दुकानदार, गिऱ्हाइकाच्या ऐपतीबद्दल शंका घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मागचं कपाट उघडलं, मखमली डबी काढली, आणि सोनेरी निबाचं एक दांडगं पेन अदबीने पुढे ठेवलं. मावशीने ते तोलून पाहिलं. "जड आहे, मागे ओढतंय," ती मला म्हणाली आणि त्यांना म्हणाली, "इससे हल्का शाई पेन नहीं है?" बड़े मियाँ जरा दुखावले. "मोहतरमा, शाही तो ऐसा ही होता है." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. "मावशी, स्याही म्हण, स्याही..." मावशी इतकी हसली की तिला स्टुलावर बसवावं लागलं. बड़े मियाँही हसले, आणि त्यांनी चहा मागवला.

मग परीक्षा सुरू झाली. मावशीची पेनाची परीक्षा एकच, ओळभर ळ काढायचे. या एका अक्षरात हात दोन्हीकडे वळतो, त्यामुळे पेनाची सगळी खोड बाहेर पडते असं तिचं म्हणणं. बड़े मियाँ चष्मा वर करून बघत राहिले. हिंदीत ळ कुठून असायला? "ये सारे अंग्रेज़ी आठ लेटे हुए क्यों हैं?" त्यांनी विचारलं. "थक गये हैं," मावशी म्हणाली, "मेरे अंगूठे की तरह." त्या हिवाळ्यात आम्ही त्या दुकानाच्या कितीतरी वाऱ्या केल्या. बॉलपेन दाबून लिहावं लागे, ते बाद. एकाचं निब कागद ओरबाडी, एक टोपण मागे खोचलं की डोलू लागे, एक हातातून निसटे. चांगलं वाटलेलं पेनही दोन पोस्टकार्डांत अंगठ्याला रडवायचं. मावशी विनोद करत राही, पण परतताना रिक्षात ती अंगठा चोळत बसलेली असायची, आणि मी उगाच बाजाराकडे बघत राहायचे.

उत्तर सापडलं ते मावशीच्या घराजवळच्या कपूरथला बाजारात, पंक्चरच्या दुकानापाशी. सायकलवाला फाटकी ट्यूब फेकून नवी घालत होता. मावशी हँडल धरून उभी होती आणि एकदम म्हणाली, "अगं, हे धरून दुखत नाही. कधीच दुखत नाही." मूठ जाड होती ना! पेन बारीक, म्हणून ती ते चिमटीत आवळून धरत होती, आणि आवळलं की अंगठा बोंब मारत होता. तिने ती फाटकी ट्यूब मागून घेतली. घरी येऊन तिची लांब पट्टी कापली, आपल्याकडच्या सगळ्यांत हलक्या, स्वस्त पेनाला गुंडाळली आणि वरून दोरा आवळला. ते ध्यान इतकं जाडजूड आणि कळकट दिसत होतं की काय सांगू. ओळभर ळ काढले. मग आणखी एक ओळ. मग पान उलटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने ती मला विचारत होती, "रबराचा वास फार येतो का गं?"

पुढच्या रविवारी ती ते पेन मुद्दाम बड़े मियाँना दाखवायला घेऊन गेली. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, उलटंसुलटं पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "शाही पेन तो ये है." तेच नाव पडलं. संस्थेत लोक चेष्टा करायचे, मावशी खुशाल करू द्यायची. टाइपिस्ट आला, पण तिच्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या निवृत्तीपर्यंत तिच्याच अक्षरात गेल्या. सायकलची ट्यूब बदलली की पेनालाही नवा कोट चढायचा... नंतर सायकल सुटली, तरी त्या पंक्चरच्या दुकानातून ती पट्टी मागून आणायची.

ते पेन आता माझ्याकडे आहे. रबरावर तिच्या अंगठ्याची खळी पडली आहे. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही. गेल्या आठवड्यात ते भरायचं म्हणून मी अमीनाबादेत गेले. बड़े मियाँ खूप थकलेत, पण गल्ल्यावर बसतात. मी सांगितलं, मावशी गेली. काय हवं म्हणून त्यांनी नजरेनेच विचारलं, आणि इतकी वर्षं लखनौत काढूनही माझ्या तोंडून निघून गेलं, "शाई दीजिए." त्यांनी मान खाली घातली, निळी दौत कागदात गुंडाळली आणि म्हणाले, "शाही तो चली गयीं, बिटिया... स्याही है, ले जाइए."

हे सगळं त्याच पेनाने लिहिलं. बाकीच्या अक्षरांना ते माझ्याशी कुरकुरतं, ळ मात्र आपसूक वळतात. बोट दुखायला लागलंय. आता टोपण लावते.